चिमानानांच्या नाकाचा नकाशा

हिर्डोशीच्या चिमाजीला सगळा भोर तालुका चिमानाना म्हणतो, आणि निम्मं वेल्हेही म्हणतं, कारण बायको तिकडची. नानांनी आयुष्यात काही मोठं केलं असं नाही. सरपंच झाले नाहीत, सोसायटीत निवडून आले नाहीत. एकदा ग्रामपंचायतीला उभे राहिले, तेव्हा घरात जेवढी मतं होती त्यापेक्षाही दोन कमी पडली. ती दोन कुणाची, हा विषय घरात अजून निघत नाही. पण देवानं त्यांना नाक दिलं होतं. तसं नाक तो सगळ्यांनाच देतो, शिंकायला आणि चष्मा टेकवायला. नानांचं नाक मात्र तांदूळ ओळखायचं.

त्याची रीत ठरलेली. कुणी पोतं घेऊन आलं की नाना आधी हात धुवायचे, तेही साबणाशिवाय, कारण साबणाचा वास तांदळाला चढतो. मग पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळची मूठ काढायची. वरच्या तांदळावर त्यांचा विश्वास नव्हता, तो लोकांना दाखवायला ठेवलेला असतो म्हणायचे. मूठ दोन्ही तळव्यांत चोळायची, तोंडाजवळ नेऊन "हाऽ" करून गरम श्वास सोडायचा, आणि डोळे मिटून वास घ्यायचा. एकदाच. दुसऱ्यांदा वास घेणाऱ्याला ते जाणकार मानत नसत. डोळे उघडले की दोनपैकी एक शब्द बाहेर पडे. "हाय" म्हणजे अस्सल आंबेमोहर, "न्हाई" म्हणजे पोतं उचला. त्यावर अपील नाही.

कामथडीच्या एका व्यापाऱ्यानं एकदा एकच तांदूळ तीन वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तीन वेगवेगळ्या माणसांकडून पाठवला. पहिल्याला नाना म्हणाले "न्हाई". दुसऱ्याला म्हणाले "न्हाई". तिसऱ्याला म्हणाले, "त्याला सांग, पिशवी बदलून भागत न्हाई, तांदूळ बदल." तेव्हापासून नानांचं नाव झालं. लग्नाचा तांदूळ असो, उत्सवाचा असो, नाहीतर पुण्याच्या साहेबांना पाठवायची भेट असो, आधी चिमानानांच्या नाकाखालून जायचा. मोबदला म्हणून नाना फक्त चहा घेत. नाकाला फुकट राबवतात म्हणून बायको बनाबाई कुरकुर करायची, पण आतून तिलाही अभिमान होता.

मुलगा इंद्रजित मात्र व्यवहारी निघाला. त्यानं शिवऱ्याला हायवेच्या कडेला तांदळाचं दुकान टाकलं, मागच्या दोन खोल्यांत आईबापांना आणून ठेवलं आणि दुकानावर भलामोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर नाना ओंजळ नाकाशी धरून डोळे मिटून उभे, आणि खाली लिहिलेलं, "नाकानं पारखलेला अस्सल आंबेमोहर". पुण्या-मुंबईच्या गाड्या करकचून ब्रेक लावून थांबू लागल्या. आजूबाजूचे शेतकरी आणि व्यापारी आपापली पोती नानांकडून पास करून इंद्रजितला घालू लागले. धंदा बरा चालला.

आणि अशा ऐन भरात नानांचं नाक गेलं.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या नाकात मांस वाढलं होतं. तेव्हा एका छोट्या दवाखान्यात ते काढून टाकलं होतं. ते पुन्हा वाढलं. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं, मग ओव्याची पुरचुंडी झाली, कापूर झाला, वेखंड झालं, कुणी नाकात तूप घालायला सांगितलं तेही घालून झालं. एका सकाळी नानांनी मुठीवर "हाऽ" केलं, डोळे मिटले, आणि आत काहीच आलं नाही. तांदूळ नाही, गोणपाट नाही, स्वतःच्या हाताचा तंबाखूसुद्धा नाही. नाना हादरले. समोर शेतकरी उभा, बाजूला इंद्रजित उभा, मागे गिऱ्हाईक उभं. आयुष्यात पहिल्यांदा नानांनी खोटं बोलायचं ठरवलं. ते म्हणाले, "हाय."

त्यानंतर दोन वर्षं ते "हाय"च म्हणत राहिले. अधूनमधून विश्वास बसावा म्हणून एखादं "न्हाई" पेरायचे. वास येत नव्हता म्हणून त्यांनी माणसं हुंगायला सुरुवात केली. पोतं ठेवून गप उभा राहणाऱ्याचा तांदूळ अस्सल, आणि "नाना, तब्येत कशी हाय?" असं फार मायेनं विचारणाऱ्याचा भेसळीचा, असा त्यांचा अंदाज. तो कधी चुकला नाही असं त्यांना वाटायचं, कारण तक्रार घेऊन कुणीच परत आलं नाही. उलट पोती वाढली. पूर्वी जे लोक नानांच्या वाऱ्याला उभे राहत नसत, तेही आता टेम्पो भरून येऊ लागले. नानांना वाटलं, नाव मोठं झालं.

खरी गोष्ट त्यांनी एकट्या बनाबाईला सांगितली. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. "चोरी केल्यावानी वाटतंय गं," ते म्हणाले. "लोकं माज्या शब्दावर तांदूळ नेत्यात, आन मला श्यान आन साखर सारखीच."

"मग सांगून टाका की."

"कुणाला? म्या आत्ता कोन हाय? नाक हाय म्हून चिमानाना. नाक न्हाई तर नुस्ता चिमाजी."

एक दिवस बनाबाई शेजारणीकडून परत आली, तर अंगणापर्यंत गॅसचा वास येत होता. आत स्वयंपाकघरात नाना सिलिंडरच्या शेजारी पाट टाकून निवांत बसलेले, तोंडात बिडी, आणि हातात काडेपेटी. बनाबाईनं काडेपेटीवर झडप घातली ती अशी, की नाना पाटासकट उताणे झाले. त्याच दिवशी तिनं इंद्रजितला बजावलं, की तुझ्या बापाचं नाक दुरुस्त करून आण, नाहीतर एक दिवस घरही राहायचं नाही आणि दुकानही राहायचं नाही.

इंद्रजितचं तोंड का कोण जाणे एवढंसं झालं. एरवी बापाला साधा ताप आला तरी पुण्याला नेणारा हा पोरगा, पण म्हणाला, "या वयात कशाला चिरफाड? श्वास तर तोंडानं बी येतो की." बनाबाईनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की दुसऱ्या दिवशी गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली.

पुण्याच्या डॉक्टर सारिका मॅडम बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. आत द्राक्षांचे घोस लटकावेत तसं पांढुरकं मांस. "काका, हे काढता येईल," त्या म्हणाल्या. "बाहेर चिरायचं नाही, नाकपुडीतूनच. पण आधीच्या ऑपरेशनमध्ये आतल्या ओळखीच्या खुणा गेल्यात. आणि या पोकळ्यांच्या एका बाजूला डोळा आहे, वर मेंदू. मधलं हाड कागदाइतकं पातळ. म्हणून आपण कम्प्युटर लावणार आहोत. आधी सीटी स्कॅन करायचा. त्यातून डोक्याच्या आतला नकाशा तयार होतो. ऑपरेशनच्या वेळी माझं हत्यार आत कुठे पोचलंय ते पडद्यावर त्या नकाशात दिसत राहतं."

"मॅपसारखं," इंद्रजित म्हणाला. दवाखान्यात आपल्याला समजलं एवढी एक गोष्ट निघाल्यानं तो खूश झाला.

बनाबाईच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. "न्हाई जमायचं," ती म्हणाली. "त्या मॅपच्या नादानं वरंध्याच्या घाटाला निघालेली गाडी आमच्या भाताच्या खाचरात आली हुती. चारी चाकं चिखलात, आन आतला माणूस मोबाईल दाखवून मलाच सांगतोय, हितं रस्ता हाय म्हून. म्या म्हनलं, माज्या सासऱ्यापासनं हितं भात हाय. तर म्हणतोय, मावशी, तुमाला ठावं नसंल."

डॉक्टर हसल्या. "मावशी, हा नकाशा काकांच्याच डोक्याचा. त्यात चूक नसते. फक्त आपण नेमके कुठे उभे आहोत हे यंत्राला आधी समजावून द्यावं लागतं. म्हणून चेहऱ्यावर आणि डोक्यावर नऊ खुणा चिकटवायच्या, स्कॅनमध्ये त्या दिसतात. ऑपरेशनला त्याच खुणा, त्याच जागी असल्या की यंत्राला नकाशा आणि माणूस जुळवता येतो."

"आन वास?" नानांनी विचारलं. आल्यापासून ते एवढंच बोलले.

"खात्री देत नाही, काका. निम्मी शक्यता येण्याची, निम्मी न येण्याची."

निम्म्यावर नानांनी होकार दिला. दोन वर्षं शून्यावर काढलेल्या माणसाला निम्मं म्हणजे पुष्कळ होतं.

आता इथे दवाखान्यानं काय घोटाळा केला ते ऐका. यंत्र चालवणारा नागसेन हा भोरचाच मुलगा, हुशार आणि कामाला पक्का. त्यानं नानांच्या चेहऱ्यावर नऊ गोल चकत्या चिकटवल्या, मधे भोक असलेल्या. प्रत्येकीभोवती शाईनं गोल आखला. आणि मग सूचना द्यायला त्यानं घरातला शिकलेला माणूस निवडला. म्हणजे इंद्रजित. चकत्या काढायच्या नाहीत, भिजवायच्या नाहीत, हलवायच्या नाहीत, एक जरी हलली तरी फोन करायचा, असं त्यानं तीनदा सांगितलं. शिकलेला माणूस त्या वेळी बापाच्या चकत्यांचा व्हिडिओ काढण्यात गुंतला होता. तो "हो, हो" म्हणाला आणि इंग्रजी कागदावर न वाचता सही ठोकून मोकळा झाला. बनाबाईला कुणी काही सांगितलं नाही. तिला नर्सनं जाता जाता एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी डोक्यावरून अंघोळ घालून उपाशीपोटी आणा."

बनाबाई सांगितलेलं काम करणारी बाई. सकाळी तिनं पाणी तापवलं आणि नानांना पाटावर बसवलं. अंघोळीआधी कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवायची आणि नंतर परत लावायची, हे ती गेली चाळीस वर्षं करत आली. घराघरात तेच चालतं. आरशाच्या कडेला दोन-चार टिकल्या नसतील तर ते बायामाणसांचं घर वाटत नाही. तेव्हा तिनं नानांच्या चेहऱ्यावरच्या चकत्या एकेक करून हलक्या हातानं सोडवल्या आणि आरशावर ओळीनं लावल्या. मग साबण लावून नानांना खसखसून घासलं. शाईचे डागही घासून काढले. एवढ्या मोठ्या दवाखान्यात जायचं आणि तोंडाला शाई?

अंघोळ झाल्यावर तिनं चकत्या परत लावायला घेतल्या. त्या पोरानं वाकड्यातिकड्याच चिकटवल्या होत्या, एक भुवईच्या वर, दुसरी पार केसांत. बनाबाईनं त्या जराजरा सरकवून नीट बसवल्या. पण आठच भरल्या. नववी आरशावरून सुटून मोरीतून वाहून गेली होती. बनाबाई क्षणभर थबकली, मग तिनं आपल्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी मरून टिकली काढली आणि नानांच्या दोन भुवयांच्या बरोबर मधे लावली. टिकलीची जागा तीच.

नाना आरशात बघून दचकले. "मला टिकली?"

"गप बसा. नऊ म्हंजे नऊ."

नानांनी उपरणं कपाळापर्यंत ओढून घेतलं आणि पुण्यापर्यंत खाली उतरवलं नाही. इंद्रजितचं लक्ष मोबाईलवर होतं. ऑपरेशनच्या खोलीत नेताना टोपी घातली, ती भुवयांपर्यंत आली.

ती खोली थंडगार होती. नाना टेबलावर पडले होते, अजून भूल दिलेली नव्हती. डोक्याशी एका खांबावर दोन डोळ्यांचा कॅमेरा. नागसेननं त्यांच्या डोक्याला पट्टा बांधला, टोपी वर सारली आणि चमकदार गोळ्या लावलेली एक लांब सळई हातात घेतली. सळईचं टोक एकेका चकतीला टेकवायचं आणि पडद्यावर बघायचं. एक, दोन, तीन. नजर सगळा वेळ पडद्यावर. नऊ झाल्यावर पडदा लाल झाला.

"एरर अकरा मिलिमीटर," नागसेन पुटपुटला. त्यानं पुन्हा नऊ टेकवल्या. पुन्हा लाल. मग त्यानं जे कम्प्युटरची सगळी माणसं करतात तेच केलं, यंत्र बंद करून चालू केलं. लाल. वायर काढून घातली. लाल. कंपनीच्या माणसाला फोन लावला, त्यानं लांबून सांगितलं की कॅमेरा पुसा. कॅमेरा पुसला. लाल. भुलीचे डॉक्टर येऊन पडद्यासमोर उभे राहिले, मग एक शिकाऊ डॉक्टर, मग दोन नर्सा. सगळ्यांनी पडद्याकडे बघून चिंतेनं माना हलवल्या. शेवटी सारिका मॅडमनी सळई घेतली आणि टोक नानांच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं. पडद्यावर ते टोक उजव्या डोळ्यात दिसलं.



"माजं नाक हितंच हाय हो," नाना टेबलावरून म्हणाले. "डोळ्यात न्हाई."

"काका, हलू नका," चौघं एकदम म्हणाले, पडद्याकडेच बघत.

"चकत्या मोजल्यास का?" मॅडमनी विचारलं.

"मोजल्या, मॅडम. नऊ आहेत."

तेवढ्यात फुलाबाई चादर घेऊन आल्या. फुलाबाई म्हणजे त्या खोलीतल्या साफसफाईच्या मावशी. यंत्राशी त्यांचा संबंध फक्त धूळ झटकण्यापुरता, म्हणून त्यांनी पडद्याकडे न बघता माणसाकडे बघितलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "या बाप्याला टिकली कुणी लावली?"

मग मात्र सगळे वळले. एक यंत्र आणि सहा शिकलेली माणसं अर्धा तास ज्या टिकलीला शोधत होती, ती नानांच्या भुवयांच्या मधे लखलखत होती.

बनाबाईला दारापाशी बोलावलं. ती जराही ओशाळली नाही. "आंगुळ घालायला सांगितली हुती न्हवं? मग आरशाला लावल्या, परत जागच्या जागी लावल्या. एक मोरीत गेली. मापं कशाला घ्यायची? चाळीस वरसं बघतीया हे कपाळ."

नागसेननं डोक्याला हात लावला. सारिका मॅडम आधी चिडल्या, मग हसल्या, आणि मग नानांना दिसलं की त्यांचा चेहरा उतरला. त्या नागसेनला हळू आवाजात म्हणाल्या, "ही टिकली भलत्या जागी होती म्हणून यंत्रानं बोंब मारली. नववी चकतीसुद्धा जवळपास लागली असती ना, तर आकडा कदाचित चालण्यासारखा आला असता. आणि मी आत दोन-तीन मिलिमीटर बाजूला असते." नानांना ते कागदाएवढं हाड आठवलं.

ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. नव्या चकत्या, नवा स्कॅन, आणि मुक्काम दवाखान्यातच. नागसेन स्वतः खुर्ची टाकून नानांशेजारी बसला आणि बनाबाईनं नुसता पदर सावरला तरी "मावशी, हात नको" म्हणू लागला. या वेळी मॅडमनी पडद्यावर विसंबण्याआधी नाकाचा शेंडा, डोळ्याचा कोपरा, दातांची कड अशा माहितीच्या जागा सळईनं तपासल्या. यंत्र बरोबर बोललं. मग भूल दिली. दोन तासांनी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "सगळं स्वच्छ निघालं. आता वाट बघायची." पण बनाबाईच्या मते ऑपरेशन टिकलीनं केलं होतं, आणि हे ती शिवऱ्यातल्या प्रत्येक बाईला सांगून आली.

पुढचे तीन आठवडे नाना सकाळ-संध्याकाळ बाटलीनं नाकात मिठाचं पाणी घालत. एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून काढायचं. गिऱ्हाइकांसमोर हे करू नका म्हणून इंद्रजितनं त्यांना मागच्या दाराला पाठवलं. वास काही येईना. नानांनी आशा सोडत आणली होती. मग एका सकाळी मागच्या दारात बसले असताना अचानक काहीतरी आलं. कुबट, ओलसर. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. भिंतीशी भिजलेलं गोणपाट पडलं होतं. नाना ते उचलून तोंडाशी धरून बसले. मग म्हशीचं शेण आलं, मग बनाबाईच्या केसांचं तेल आलं. तेव्हा त्यांना रडू फुटलं. रडताना नाक चोंदलं आणि वास परत गेला, तशी घाबरून त्यांनी रडणं आवरलं.

हात धुऊन ते थेट दुकानात गेले. आता खोटं बोलायचं कारण उरलं नव्हतं. त्यांनी पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ काढली. "हाऽ" करायचीही गरज पडली नाही. मूठ वर येण्याआधीच वास आला, गोड, भपकेदार, हलवायाच्या बाटलीतल्यासारखा. त्यांनी दुसरं पोतं उघडलं. तोच वास. तिसरं. चौथं. सगळ्या दुकानाला एकच वास होता, आणि त्यातल्या एकाही पोत्यात आंबेमोहर नव्हता.

रविवार होता. पुण्याची एक गाडी थांबली, नवराबायको उतरले. बाईंनी ओंजळभर तांदूळ नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "अहाहा! काय वास आहे!"

"न्हाई," नाना म्हणाले.

"काय नाही?"

"ह्यो आंबेमोहर न्हाई. बाहेरचा आखूड तांदूळ हाय, वर बाटलीतला वास चोळलाय." नानांनी आत जाऊन हिर्डोशीच्या स्वतःच्या खाचरातला तांदूळ आणला, बाईंच्या हातावर ठेवला. "ह्यो बघा."

बाईंनी हुंगला. पुन्हा हुंगला. "याला तर वासच येत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे बघून डोळ्यांनीच काहीतरी बोलल्या.

इंद्रजित मधे पडला. "नानांचं नाकाचं ऑपरेशन झालंय, मॅडम. कम्प्युटरनं. अजून जरा सेटिंग बसायचं हाय." बाईंनी नानांकडे मोठ्या मायेनं बघितलं, लवकर बरे व्हा म्हणाल्या, आणि भपकेदार तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन गेल्या.

गाडी गेल्यावर नाना म्हणाले, "कदीपासनं चाललंय ह्ये?"

"दोन वरसं झाली, नाना."

"म्हंजे माजं नाक गेल्यापासनं. तुला ठावं हुतं?"

इंद्रजितनं मान खाली घातली. मग वर केली, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला एकट्याला न्हाई. सगळ्यांनाच ठावं हुतं. त्या दिवाळीत पोत्याखाली उंदीर मरून पडला हुता, चार दिवस. आख्खा बाजार नाकाला रुमाल लावून, आन तुमी त्याच्याच शेजारी बसून चहा पीत हुता. दुसऱ्याच आठवड्यात टेम्पो वाढले, नाना. लोकं एवढ्या लांबनं उगंच येत हुती व्हय?"

नाना पोत्यावर बसले. दोन वर्षं त्यांनी आपलं गेलेलं नाक तालुक्यापासून लपवलं होतं, आणि तालुका त्यांचं गेलेलं नाक वापरत होता. ते माणसं हुंगत होते, तेव्हा माणसांनी त्यांना केव्हाच हुंगलं होतं. तो सगळा चहा, तो मान, ती तब्येतीची चौकशी, सगळं आठवून त्यांना शरम वाटली, आणि शरमेहून जास्त राग आला. पण उठून जावं असं मात्र वाटलं नाही. ते हात धुऊन आले आणि दुकानाच्या तोंडाशीच खुर्ची टाकून बसले.

"आत जा, नाना. पाया पडतो," इंद्रजित म्हणाला.

"हितंच बसनार."

दुपारी कामथडीच्या धनाजीचा टेम्पो आला. गेल्या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा माल घालणारा हा माणूस, आणि नानांच्या तब्येतीची सगळ्यात जास्त चौकशी करणारा. मागे वीसेक पोती. टेम्पो दिसताच नानांनी पुन्हा हात धुतले. धनाजीनं इंजिन चालू ठेवलं, खिडकीतून मान बाहेर काढली, आणि नानांशी न बोलता त्यांच्या डोक्यावरून इंद्रजितला विचारलं, "नानांना वास याया लागला म्हणं?"

इंद्रजितनं तोंड फिरवलं. ते बघून धनाजीनं एकवार नानांच्या ओल्या हातांकडे पाहिलं. एकही पोतं खाली उतरलं नाही. त्यानं गिअर टाकला, टेम्पो रस्त्यातच वळवला आणि आला तसा कामथडीकडे निघून गेला.

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चिमाजीच्या नाकाला भ्यालं होतं. नानांना हसू आलं, मग ते गंभीर झाले. त्यांनी मान वळवली. इंद्रजित त्यांच्या मागेच उभा होता, गेलेल्या टेम्पोकडे बघत.

"इंद्रजित," नाना म्हणाले, "लई घाम फुटलाय रं तुला. वास येतोय."

इंद्रजित दोन पावलं मागे सरला.